नेट रुंद होईल, अंतर तेवढंच राहील

प्रश्न असा आहे: घरोघरी फायबर आलं, मोबाइलवर ५जी आलं, नेटचा वेग वाढतोच आहे. तो असाच वाढत राहिला तर पंधरा-वीस वर्षांनी कॉम्प्युटर म्हणजे नुसता पडदा उरेल का? सगळी प्रोसेसिंग आणि सगळी साठवण दूरच्या डेटा सेंटरमध्ये जाईल का? विचारणारा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि यातलं नेमकं काय शिकावं हेही त्याला हवं आहे.

मी २७ वर्षं नेटवर्कचं काम करतोय. सुरुवात मोडेम बसवण्यापासून झाली, आता डेटा सेंटरच्या आतल्या जोडण्या आखतो. माझं मत आधीच सांगतो. कॉम्प्युटर ही एका डब्यात मावणारी वस्तू राहणार नाही, हे खरं आहे, आणि डेटा सेंटरच्या आत ते झालेलंही आहे. पण त्या कॉम्प्युटरचे तुकडे एकमेकांपासून किती लांब नेता येतील हे बँडविड्थ, म्हणजे लाइनमधून सेकंदाला किती बिट जाऊ शकतात ते माप, ठरवत नाही. ते काचेतून जाणारा प्रकाश ठरवतो. म्हणून बँडविड्थ वाढली की सगळं एकाच दिशेला, म्हणजे क्लाउडकडे, दूरच्या डेटा सेंटरांकडे वाहत जाईल, असं होणार नाही. काही कामं लांब जातील, काही उलट कॅमेऱ्याच्या आणि मशीनच्या अगदी पोटात येऊन बसतील.

आधी वाढ किती झाली ते पाहू. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा डायल-अपचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. आज घरी १०० मेगाबिटची लाइन असणं विशेष नाही, म्हणजे दहा हजारपटीहून जास्त. सरकारी व्याख्येतही हे दिसतं: २००४ च्या धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटलं होतं, २०१३ मध्ये ते ५१२ किलोबिट झालं आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. ऑफिसातल्या मशीन केबलने जोडणाऱ्या इथरनेटची उडी आणखी मोठी आहे. १९८३ च्या मानकात ते १० मेगाबिटचं होतं, १९९८ मध्ये १ गिगाबिट, २०१० मध्ये १०० गिगाबिट, २०१७ मध्ये ४०० आणि २०२४ मध्ये ८०० गिगाबिट. एकेचाळीस वर्षांत ऐंशी हजारपट.

आता दुसरा आकडा. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद लागणारच. समुद्रातली केबल वळणं घेत जाते, मधे राउटर येतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा २०० च्या आसपास असतो. पंधरा वर्षांपूर्वीही तो फार वेगळा नव्हता. त्या काळात लाइनची रुंदी शेकडोपट झाली, पण उत्तराची वाट पाहण्याचा वेळ, ज्याला आम्ही लॅटन्सी म्हणतो, जिथल्या तिथे राहिला.

माझं गाव जुन्नर तालुक्यातलं, त्यामुळे मला हे कालव्याच्या भाषेत पटकन कळतं. येडगाव धरणातून कुकडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की हेडच्या शेतकऱ्याला पाणी लगेच मिळतं. करमाळ्याकडे टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटी बसलेल्याला मात्र दिवस मोजावे लागतात. कालवा रुंद केला तर टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला जास्त पाणी येईल. पण पाणी सुटल्याची बातमी कळल्यापासून बांधावर पहिला ओघ दिसेपर्यंतचा वेळ अंतराचा आहे, तो रुंदीने फारसा हटत नाही. बँडविड्थ म्हणजे कालव्याची रुंदी आणि लॅटन्सी म्हणजे हेड ते टेल हे अंतर. लोक दोन्हीला ‘स्पीड’ म्हणतात आणि तिथेच गल्लत होते.

या गल्लतीने किती पैसे वाया जातात ते मी २००६ मध्ये पाहिलं. पुण्यातल्या एका कंपनीला रोज रात्री अमेरिकेतल्या ऑफिसात मोठ्या फाइली पाठवायच्या असत. त्यांनी ४५ मेगाबिटची लाइन घेतली होती. फाइल कॉपी व्हायची मात्र जेमतेम २ मेगाबिटने. लाइन देणाऱ्याशी भांडण झालं, त्याने तपासून लाइन बरोबर असल्याचं सांगितलं. मग कोणीतरी लाइन आणखी मोठी घ्यायचा प्रस्ताव मांडला. त्या टप्प्यावर मला बोलावलं. रात्री एक वाजता मी पॅकेट कॅप्चर, म्हणजे लाइनवरून जाणाऱ्या डेटाचा प्रत्येक तुकडा नोंदवणारं साधन, लावून बसलो. पडद्यावर चित्र अगदी नियमित होतं: ६४ किलोबाइटचा एक झोत निघायचा, मग पाव सेकंद पूर्ण शांतता, मग तिकडून पोच यायची आणि पुन्हा ६४ किलोबाइट. नाडीच्या ठोक्यांसारखं.

कारण असं: टीसीपीमध्ये, म्हणजे नेटवर डेटा हरवू न देता पोचवण्याच्या नियमांमध्ये, पाठवणारा पोच मिळेपर्यंत ठरावीक मापाचाच माल वाटेवर ठेवतो. मूळ रचनेत ते माप ६४ किलोबाइटच्या पुढे जात नाही. ते वाढवायची सोय १९९२ मध्येच आली होती, तिला विंडो स्केलिंग म्हणतात. पण त्यांच्या जुन्या फायरवॉलच्या, म्हणजे येणारी-जाणारी रहदारी तपासणाऱ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये ही सूचना जोडणी सुरू करणाऱ्या पॅकेटमधून गाळली जात होती. ६४ किलोबाइट भागिले पाव सेकंद, म्हणजे २.१ मेगाबिट. लाइन ४५ ची असो की ४५० ची, उत्तर तेच. ती लाइन भरायला एका वेळी सुमारे १४ लाख बाइट वाटेवर असायला हवे होते. फायरवॉलमधली एक ओळ बदलली आणि त्याच रात्री कॉपीचा वेग तिशीच्या पुढे गेला.

हे इतकं तपशिलात सांगितलं, कारण पुढच्या वीस वर्षांचं सगळं यात आहे. रुंदी वाढत जाईल तशी वाट पाहण्याची किंमत वाढत जाते. १० गिगाबिटच्या लाइनवर पाव सेकंद गप्प बसणं म्हणजे ३१ कोटी बाइट जाऊ शकले असते तेवढी संधी सोडणं. म्हणून आजचं बरंचसं नेटवर्क संशोधन फेऱ्या, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत येण्याच्या खेपा, कमी करण्यामागे लागलेलं आहे. पूर्वी सुरक्षित वेबपान उघडताना पहिला बाइट येण्याआधी तीन-चार फेऱ्या व्हायच्या. वेबची जोडणी सुरक्षित करणाऱ्या टीएलएसच्या १.३ या आवृत्तीने एक फेरी वाचवली, टीसीपीच्या जागी वापरता येणाऱ्या आणि २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विकने जोडणी आणि सुरक्षा यांची सांगड घालून आणखी वाचवली. विद्यार्थ्यांना हे विषय कोरडे वाटतात, पण पान पटकन उघडल्यासारखं वाटतं त्याचं श्रेय बऱ्याचदा यांचं असतं.

आता कॉम्प्युटरचे तुकडे होऊन लांब जाण्याबद्दल. आमच्या भागात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, चौदा मध्यभागी दाटीने आणि सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर, एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. लहानपणी मला वाटायचं की या तीस वेगवेगळ्या दुर्बिणी आहेत. नंतर कळलं की ती एकच आहे, आणि तिला एक करणारी वस्तू म्हणजे जमिनीखालची फायबर केबल. प्रत्येक अँटेनाचा सिग्नल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतो, तिथे त्याचे अंक होतात, आणि मग प्रत्येक अँटेनाचा सिग्नल बाकी प्रत्येक अँटेनाशी ताडून पाहिला जातो. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात.

पूर्वी जीएमआरटी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा घेत असे. श्रेणीवाढ झाल्यावर तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. हिशेब करून बघा: ३० अँटेना, प्रत्येकीचे दोन ध्रुवीकरणांचे दोन सिग्नल, प्रत्येकाचे सेकंदाला ८० कोटी नमुने आणि नमुन्याला ८ बिट धरले तर सेकंदाला ३८४ गिगाबिट. हा ओघ एखाद्या सर्व्हरमध्ये मावत नाही. तो ग्राफिक्स कार्डं लावलेल्या अनेक सर्व्हरांत वाटून, त्यांच्या आपापसातल्या वेगवान जोडणीवर, निरीक्षण चालू असतानाच हाताळला जातो. यात ‘कॉम्प्युटर’ नेमका कोणता, असं विचारलं तर एका डब्याकडे बोट दाखवता येत नाही.

याच पद्धतीचं दुसरं काम घ्या. कृष्णविवराची पहिली प्रतिमा १० एप्रिल २०१९ ला प्रसिद्ध झाली, ती इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने काढलेली. तत्त्व खोडदचंच: लांब लांबच्या अँटेनांचे सिग्नल एकमेकांशी ताडायचे. फरक अंतराचा. त्या दुर्बिणी हवाई, चिली, स्पेनपासून दक्षिण ध्रुवापर्यंत पसरलेल्या होत्या. एप्रिल २०१७ च्या निरीक्षणांचा डेटा काही पेटाबाइट झाला (एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट). तो हार्ड डिस्कमध्ये भरून विमानाने अमेरिकेत आणि जर्मनीत नेला. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या आणि वर्षाच्या अखेरीस पोचल्या. पाच पेटाबाइट १ गिगाबिटच्या लाइनने पाठवायचे म्हटले तर ४६३ दिवस लागतात, तेव्हा विमानाचा मार्ग बरोबरच होता.

म्हणजे एकच गणित. खोडदला ते निरीक्षण चालू असताना होतं, तिकडे सगळा डेटा एकत्र यायलाच आठ महिने गेले. बँडविड्थ संगणनात काय बदलते, असं मला कोणी विचारलं तर मी हीच जोडी समोर ठेवतो. दोन ठिकाणांमधली लाइन पुरेशी रुंद झाली की ती ठिकाणं एकाच यंत्राचे भाग होतात. तोवर ती दोन यंत्रं असतात आणि मधे कुणीतरी पेट्या वाहत असतं.

हेच आता डेटा सेंटरच्या आत दिसतं. साधी फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट देते, म्हणजे दीड गिगाबिटच्या आसपास. नेटवर्क १० गिगाबिटचं झालं त्या दिवशी शेजारच्या रॅकमधली डिस्क आणि स्वतःच्या पोटातली डिस्क यांतला फरक जवळजवळ संपला. म्हणून क्लाउडवर मशीन भाड्याने घेता तेव्हा तिची डिस्क बहुतेक वेळा त्या मशीनमध्ये नसतेच, नेटवर्कच्या पलीकडे असते. डिस्कनंतर ग्राफिक्स कार्डं डब्यातून बाहेर पडली. आता रॅमचा नंबर आहे, त्यासाठी २०१९ पासून सीएक्सएल नावाचं मानक विकसित होतंय.

पण रॅमपाशी प्रकाश पुन्हा आडवा येतो. प्रोसेसरने मागितलेला डेटा रॅमकडून यायला साधारण १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग, लागतात. तेवढ्या वेळात काचेतला प्रकाश २० मीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर, आणि त्यात स्विचचा वेळ धरलेला नाही. म्हणून रॅम शेजारच्या रॅकपर्यंत जाईल, शेजारच्या इमारतीत जाणार नाही. डिस्क शेजारच्या इमारतीत, फार तर शहराच्या दुसऱ्या टोकाला जाईल. बॅकअप दुसऱ्या राज्यात जाईल. प्रत्येक भागाची दोरी वेगळ्या लांबीची आहे आणि ती लांबी त्या भागाला किती उशीर चालतो यावरून ठरते.

एआयची मोठी मॉडेलं शिकवणारी केंद्रं या दोरीचं सगळ्यात ताणलेलं रूप आहेत. एनव्हिडियाच्या एच१०० चिपला शेजारच्या चिपांशी जोडणारी एनव्हीलिंक सेकंदाला ९०० गिगाबाइट वाहते, तुमच्या घरच्या १०० मेगाबिटच्या बहात्तर हजारपट. हजारो चिप प्रत्येक पायरीला आपली उत्तरं एकमेकांना देतात आणि सगळ्यात मागे राहिलेल्या चिपसाठी बाकीच्या थांबतात. अशा ठिकाणी काम केलं की कळतं, महागड्या चिप विकत घेणं सोपं आहे, त्यांना कामात गुंतवून ठेवणारं नेटवर्क आखणं अवघड. नवी मुंबईत, ऐरोली-महापेपासून पनवेलपर्यंत, डेटा सेंटरांची दाटी झाली आहे त्याला मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्री केबली आणि वीज ही कारणं आहेतच. पण एकमेकांजवळ असण्याची गरज हेही एक कारण आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न: घरी नुसता पडदा उरेल का? ही कल्पना दर दहा-पंधरा वर्षांनी परत येते. १९८० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या डिस्क नसलेल्या वर्कस्टेशन होत्या, १९९५-९६ मध्ये ओरॅकल कंपनीच्या लॅरी एलिसन यांनी नेटवर्क कॉम्प्युटरचा पुरस्कार केला, २०११ मध्ये बहुतेक कामं ब्राउझरमध्येच करणारं गूगलचं क्रोमबुक आलं. २०२५ मध्ये जिओने सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीवर चालणारा क्लाउड पीसी बाजारात आणला. आधीचे प्रयत्न फसले तेव्हा लाइन अरुंद होती हे खरं, पण ते एकच कारण नव्हतं. गूगलची स्टेडिया ही गेम खेळण्याची सेवा २०१९ मध्ये, रुंद लाइनच्या काळात सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. तिच्या अपयशात धंद्याचे निर्णयही होते, पण गेम हे काम मुळात उशीर न सोसणारं आहे. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंद मिळतात. बटण दाबल्यावर सिंगापूरहून उत्तर यायला साठेक मिलिसेकंद लागत असतील तर तीन-चार चित्रं हुकली. मुंबईहून पुण्याला दहाच्या आत येत असेल तर हाताला कळतही नाही.

म्हणून माझा अंदाज असा: लिहिणं, हिशेब, शाळेचा अभ्यास, ऑफिसचं काम यांसाठी पडदा आणि कीबोर्ड पुरेसा ठरेल, जर डेटा सेंटर त्याच राज्यात असेल आणि लाइन भरवशाची असेल. ज्या घरात चाळीस हजारांचा लॅपटॉप परवडत नाही तिथल्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि मला ती मनापासून हवी आहे. पण फोन नुसता पडदा होणार नाही. त्याच्यातला प्रोसेसर उलट वाढतच चालला आहे, कारण कॅमेरा, आवाज ओळखणं आणि बॅटरी या तिन्ही कारणांनी काम हातातच उरकणं स्वस्त पडतं. रेडिओवरून बिट पाठवायलाही वीज लागतेच.

क्रिकेटचं उदाहरण दुसऱ्या बाजूने बघण्यासारखं आहे. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक होते. माणशी २ मेगाबिट धरले तरी सेकंदाला ११८ टेराबिट होतात. एका ठिकाणाहून इतकं पाठवणं शक्यच नाही. ते जमतं कारण व्हिडिओचे तुकडे गावोगावच्या इंटरनेट कंपन्यांजवळ ठेवलेल्या कॅश सर्व्हरमधून दिले जातात. टेलच्या शेतकऱ्याने शेततळं खणलं की कालव्याची पाळी कधी येते याची त्याला तेवढी चिंता राहत नाही, तसं. इथे बँडविड्थ वाढल्यावर मजकूर मध्यभागी गोळा झाला नाही, तो पसरला. आणि ज्याला साठवता येतं त्यालाच शेततळं खणता येतं. चालू संभाषण, चालू शस्त्रक्रिया, चालू गेम यांचं शेततळं करता येत नाही.

आता एक गोष्ट जी चर्चेत नेहमी सुटते: वर जाणारी वाट, म्हणजे अपलोड. घरच्या फायबरवर बहुतेक ठिकाणी जीपॉन, म्हणजे एकच तंतू अनेक घरांत वाटून देणारं तंत्र, असतं. खाली येताना २.५ गिगाबिट आणि वर जाताना १.२५ गिगाबिट, तेही बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेलं. बत्तीस घरांनी एकदम वर पाठवायचं ठरवलं तर घरटी ३९ मेगाबिट. एका सोसायटीत सोळा कॅमेरे असतील आणि प्रत्येकाचे ४ मेगाबिट सतत वर पाठवायचे असतील तर ६४ मेगाबिट लागतात. एक कॅमेरा दिवसाला ४३ गिगाबाइट तयार करतो आणि त्यातलं जवळजवळ सगळं रिकाम्या जिन्याचं चित्र असतं. शहाणपणाचं काम म्हणजे कॅमेऱ्यातच चिप बसवून ‘कोणीतरी आलं’ एवढंच वर पाठवणं. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेच्या एलएचसी या कणत्वरकामध्ये सेकंदाला चार कोटी वेळा प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांना छेदून जातात आणि त्यातल्या काही हजारांचाच तपशील ठेवला जातो, बाकी शोधकाच्या शेजारीच टाकून दिला जातो. तो उरलेला डेटा मग जगभरच्या केंद्रांत जातो, मुंबईतल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतही. डेटा जन्मतो तिथे तो लाइनपेक्षा नेहमीच जास्त असतो, आणि लाइन रुंद झाली की लोक सेन्सरही वाढवतात. ही शर्यत लाइन जिंकेल असं मला वाटत नाही.

भरवशाबद्दल थोडंच सांगतो. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबली तुटल्या तेव्हा भारताच्या पश्चिमेकडच्या जोडण्या एकदम आक्रसल्या. आम्ही रात्रभर रहदारी पूर्वेकडून वळवत बसलो होतो. गावाकडे याची छोटी आवृत्ती दर आठवड्याला घडते: रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला की फायबर तुटतं, मग कोणीतरी ओटीडीआर, म्हणजे तंतूत प्रकाश सोडून तुटलेल्या जागेचं अंतर सांगणारं यंत्र, घेऊन ती जागा शोधतं आणि ताडपत्रीखाली बसून तंतू जोडतं. हिशेब जितका लांब नेऊ तितका तो अशा खड्ड्यावर अवलंबून राहतो. याच्या उलट यूपीआय बघा. त्याच्या एका व्यवहाराला काही किलोबाइट पुरतात. देशाचं रोजचं जगणं बदलायला रुंदी लागली नाही, सगळीकडे पोचलेली बारीक रेघ पुरली.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावातलं सीटी स्कॅन सेंटर मी जवळून पाहिलं आहे. २००९ मध्ये त्यांच्याकडे २ मेगाबिटची लाइन होती आणि तपासणारे डॉक्टर नागपुरात. सीटीचा एक काप अर्ध्या मेगाबाइटचा, पातळ कापांची पूर्ण तपासणी हजारेक कापांची, म्हणजे ५०० मेगाबाइट. पाठवायला तेहतीस मिनिटं. डोक्याला मार लागून आलेल्या पेशंटजवळ तेहतीस मिनिटं नसतात. तिथल्या तंत्रज्ञाने क्रम ठरवून घेतला: आधी ५ मिलिमीटरचे जाड तीस काप, जे एका मिनिटात जायचे. डॉक्टर ते पाहून फोनवर सांगायचे की रक्तस्राव आहे की नाही, आणि पातळ काप मागून जात राहायचे. मला आजही ते नेटवर्क डिझाइनचं उत्तम उदाहरण वाटतं, आणि ते करणाऱ्याने नेटवर्कचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं.

आता त्यांच्याकडे १०० मेगाबिट आहे, सगळे काप चाळीस सेकंदांत जातात. क्रमाची गरज संपली. मधल्या काळात दुसरं काहीतरी शक्य झालं: डोक्याच्या सीटीतला रक्तस्राव ओळखणारं सॉफ्टवेअर. मुंबईच्या क्युअर डॉट एआयचा त्यावरचा अभ्यास २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. असं सॉफ्टवेअर दूर चालवावं की सेंटरमध्येच, हा प्रश्न त्यांनी मला विचारला. मी दोन्ही ठेवायला सांगितलं. रोजचं काम दूर चालवायचं, कारण तिथली मशीन चांगली आणि अद्ययावत. आणि पावसाळ्यात लाइन गेली की चालू करायला एक साधं ग्राफिक्स कार्ड असलेली मशीन टेबलाखाली. ती उत्तर द्यायला थोडा जास्त वेळ घेते, पण रस्त्याच्या खोदकामावर अवलंबून नाही.

काचेतल्या प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही असं म्हणालो, त्याला एक पळवाट आहे. तंतूचा गाभा काचेऐवजी पोकळ ठेवला तर प्रकाश हवेतून जातो, म्हणजे जवळजवळ ३ लाख किलोमीटर सेकंदाला. फेरीचा वेळ एक तृतीयांशाने कमी होतो. अशा पोकळ फायबरमधली गळती आतापर्यंत फार होती, पण अलीकडे ती नेहमीच्या काचेपेक्षाही कमी करून दाखवली गेली आहे. या क्षेत्रातली लुमेनिसिटी ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या शेवटी विकत घेतली. शंभर किलोमीटरच्या आतल्या डेटा सेंटरांना एकत्र बांधण्यासाठी हे आधी वापरलं जाईल, कारण तिथे तीच दोरी दीडपट लांब होते. मुंबई-पुणे मिळून एकच मोठं यंत्र, हे मला माझ्या नोकरीच्या उरलेल्या वर्षांत बघायला मिळेल असं वाटतं. त्यापलीकडे मात्र काही उरत नाही: निर्वात पोकळीतल्या प्रकाशाहून वेगाने काहीच जात नाही.

काय शिकावं, याचं उत्तर: टीसीपी आणि क्विक आतून शिका, राउटरमध्ये पॅकेटांची रांग, म्हणजे क्यू, कशी भरते ते शिका, आणि एखादा प्रोग्राम लिहिताना तो किती बाइट हलवतो आणि किती फेऱ्या मारतो हे मोजायची सवय लावून घ्या. आज रात्री एक प्रयोग करा. कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी घरच्या राउटरला पिंग करा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते मोजा, मग तुमच्या कॉलेजच्या वेबसाइटला, मग तुम्ही रोज वापरता त्या पाच-सहा परदेशी सेवांना. आलेल्या प्रत्येक मिलिसेकंदाला १०० किलोमीटरने गुणा. उत्तर देणारी मशीन त्याहून लांब असूच शकत नाही. नकाशावर पुण्याभोवती त्या त्रिज्येची वर्तुळं काढा. कागदोपत्री अमेरिकेत असलेल्या ज्या सेवेचं उत्तर ४ मिलिसेकंदांत येतंय, ती तुमच्यापासून ४०० किलोमीटरच्या आत कुठेतरी चालू आहे. तिला तिथे आणून कोणी ठेवलं आणि का, याचा शोध घ्यायला लागा.